एफवाय संपलं, हाती काय लागलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वासिंदहून दादरच्या कॉलेजात रोज ये-जा करणारा मुलगा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी कॉमर्सला चांगले मार्क. एफवाय, म्हणजे बीकॉमचं पहिलं वर्ष, नुकतंच संपलंय. अकाउंट्समध्ये केटी लागली (म्हणजे तो विषय राहिला, परत द्यायचा), हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं, आणि वर्षभरात जिवाभावाचा म्हणावा असा एकही मित्र झाला नाही. तो विचारतो : पहिल्या वर्षात बाकीचे असं काय शिकतात, जे मला जमलं नाही? आता एसवायला, दुसऱ्या वर्षाला, काय करू? की ड्रॉप घेऊन कल्याणच्या कॉलेजात जाऊ?

मी मुंबईत बीकॉमला अर्थशास्त्र शिकवते. वीसहून अधिक वर्षं एफवायचा एक तरी वर्ग माझ्याकडे असतोच, मधली काही वर्षं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, कामही पाहिलं. त्यामुळे तुझ्यासारखी मुलं दर वर्षी भेटतात. बहुतेक जण जूनमध्ये, निकालानंतर भेटतात. सप्टेंबरमध्ये भेटली असती तर बरं झालं असतं.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे बाकीचं नीट कळेल. बारावीपर्यंत तुझ्या मागे सतत कोणीतरी लागलेलं असतं. वर्गशिक्षक, क्लासवाले सर, वह्या तपासणारे, घरी फोन करणारे, वर बोर्डाचं ठरलेलं वेळापत्रक. एफवायला हे सगळं एका दिवसात थांबतं आणि थांबलंय हे कोणी सांगतही नाही. १२० मुलांच्या डिव्हिजनमध्ये तू आठवडाभर आला नाहीस तर कोणाच्या लक्षात येत नाही. मुलांना हे पहिले दोन महिने स्वातंत्र्य वाटतं. मग पहिली नोटीस लागते. इथे जे काही मिळतं ते मागितलं तर मिळतं : माहिती, मदत, सवलत, उत्तरपत्रिका पाहायला, पुस्तक, माणसंसुद्धा. एफवायला गटांगळ्या खाणारी मुलं बुद्धीनं कमी असतात असं मला कधीच दिसलं नाही. ती भिडस्त असतात. खिडकीपाशी जातात, आतला माणूस कामात दिसला की परत फिरतात.

आता तुझ्या हजेरीचा हिशोब करू, कारण तो कोणी मांडून दाखवत नाही. चार क्रेडिटचा विषय म्हणजे साठ तास. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं, म्हणजे आठवड्याला चार लेक्चर. ७५ टक्के हजेरी हवी. कॉलेज ती विषयवार धरत असेल तर एका विषयाची १५ लेक्चर बुडाली तर चालतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण तुझं सकाळचं पहिलं लेक्चर साडेसातच्या आसपास असणार, आणि तू कसारा किंवा आसनगाव लोकलवर अवलंबून. कल्याणच्या पुढे एक गाडी चुकली की पुढची लगेच येत नाही, हे तुला मी सांगायला नको. आठवड्यातून एकदाच, एकाच विषयाचं पहिलं लेक्चर चुकलं, तरी सेमिस्टरअखेर बरोबर १५ होतात. त्यात आपलं पहिलं सेमिस्टर भर पावसात. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, हिंदमाताला गुडघाभर, एखादा ताप, गणपतीला गावी दोन दिवस जास्त. संपलं. डिफॉल्टर लिस्टमध्ये टवाळखोर मुलं असतात असा घरी समज असतो. माझ्या अनुभवात त्या यादीत बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेलकडची मुलं हमखास जास्त असतात.

म्हणून एसवायला पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक घेऊन बस आणि रोजचं पहिलं लेक्चर कोणत्या विषयाचं आहे ते बघ. एकच विषय आठवड्यातून तीनदा पहिल्या तासाला येत असेल तर तुझी हजेरी त्याच विषयात जाणार. त्या प्राध्यापकांना तेव्हाच भेट, जुलैमध्ये. 'मी वासिंदहून येतो, अमुक गाडी पकडतो, ती वेळेवर असेल तर पोचतो, नसेल तर दहा मिनिटं उशीर होतो, मागच्या दारानं येऊन बसलो तर चालेल का?' एवढं बोलायचं. दहातले सात जण हो म्हणतील. जे नाही म्हणतील त्यांच्यासाठी एक गाडी आधीची. ऑक्टोबरमध्ये आईवडिलांना घेऊन हमीपत्र लिहायला येणाऱ्या मुलाला आम्ही काही फार मदत करू शकत नाही, कारण तोपर्यंत हजेरीचे आकडे वर पाठवून झालेले असतात.

दुसरा हिशोब प्रवासाचा. वासिंद ते दादर ७० किलोमीटरच्या आसपास. घरातून निघाल्यापासून वर्गात बसेपर्यंत दोन तास धर, येऊन-जाऊन चार. सेमिस्टरला शिकवण्याचे ९० दिवस धरले तर ३६० तास गाडीत आणि फलाटावर. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सेमिस्टरला २२ क्रेडिट असतात. सगळी थिअरीची धरली तरी लेक्चरचे होतात ३३० तास. म्हणजे तू कॉलेजात शिकतोस त्याहून जास्त वेळ रेल्वेत असतोस. कॉलेजच्या जवळ राहणाऱ्या मुलाशी स्वतःची तुलना करताना हे ३६० तास बाजूला काढून मग कर.

गाडीत अभ्यास कर असं मी सांगणार नाही. सांगणारे खूप असतात, त्यांनी सकाळी डोंबिवलीनंतरचा डबा पाहिलेला नसतो. जाताना बसायला मिळत असेल तर झोप, त्यात गैर काही नाही. खरा फायदा येतानाच्या वेळेत आहे. सकाळच्या सत्रातलं बीकॉम बाराच्या सुमारास सुटतं. मुलं तडक स्टेशन गाठतात, दोनला घरी, जेवून आडवी होतात, उठतात तेव्हा संध्याकाळ गेलेली असते. तू तसं करू नकोस. डबा खा, कॉलेजच्या लायब्ररीत साडेतीनपर्यंत बस, आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत गाडी पकड. तीन तास रोज, घरी जाऊन पुस्तक उघडलं नाहीस तरी चालेल. लायब्ररीत जागा नसेल तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. १८९८ सालची ही संस्था, पण आमच्या कॉलेजातल्या मुलांना ती ठाऊक नसते. लायब्ररी म्हणजे कॉलेजची, एवढंच डोक्यात असतं. तिथे बसण्याचे नियम काय, ते जाऊन विचार. पास कन्सेशनवरच काढत असशील, निम्मे पैसे वाचतात. तिमाही काढ, म्हणजे फॉर्मसाठी दर महिन्याला ऑफिसची रांग नको.

अकाउंट्सची केटी. ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यावर मी तुला थोडी रागावून बोलणार आहे. केटी लागली याचं मला काही वाटत नाही. तू निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका पाहायला गेला नाहीस, असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं, त्याचं वाटतं. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत एफवाय-एसवायच्या परीक्षा कॉलेजच घेतं. पेपर काढणारे, तपासणारे बहुतेक वेळा तुझ्याच स्टाफरूममध्ये बसलेले असतात. छायाप्रत किंवा पुनर्तपासणीचा अर्ज किती दिवसांत, किती फी भरून करायचा याची नोटीस निकालाबरोबरच लागते. ती मुदत गेली असेल तरी प्राध्यापकांना भेटून 'मी कुठे चुकलो' हे विचारायला फी लागत नाही. तू फक्त मार्क पाहिलेस. चूक नेमकी कुठे आहे हे न कळता परत त्याच परीक्षेला बसायचं म्हणजे पुन्हा केटीचीच तयारी.

अकाउंट्समध्ये मुलं दोन प्रकारे नापास होतात. काहींना मुळातच जर्नल एंट्री कळलेली नसते. बारावीला नमुन्याची गणितं पाठ करून भागलेलं असतं. हायर पर्चेस किंवा डिपार्टमेंटल अकाउंट्ससारखं प्रकरण आलं की पाठांतर कोसळतं, कारण गणित जरासं फिरवून विचारलं जातं. दुसऱ्यांना येतं सगळं, पण वर्किंग नोट्स दाखवत नाहीत, वेळ पुरत नाही, शेवटचं १५ मार्कांचं गणित कोरं राहतं. पहिल्या प्रकारच्या मुलानं अकरावीचं पुस्तक काढून पहिल्या प्रकरणापासून बसावं, लाज न बाळगता. दुसऱ्यानं जुने पेपर घड्याळ लावून सोडवावेत. ते कॉलेजच्या लायब्ररीत मिळतात, मागावे लागतात. तू कोणत्या प्रकारातला, हे उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय मला काय, तुलाही कळणार नाही. आणि बहुतेक ठिकाणी अंतर्गत परीक्षेत आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं. केटी नेमकी कशात आहे तेही मार्कशीटवर नीट बघ. लेखीत ५० टक्के असून इंटर्नलच्या एका चुकलेल्या चाचणीपायी अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

अजून एक, याला अधोरेखित कर. केटीचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो. एसवायचा नेहमीचा फॉर्म भरला म्हणजे केटीचाही भरला गेला, असं समजून दर वर्षी काही मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हॉल तिकीट मागायला येतात. तारीख निघून गेलेली असते. ही केटी जितकी रेंगाळेल तितकी टीवायच्या, तिसऱ्या वर्षाच्या, प्रवेशाच्या वेळी आडवी येईल. व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नकोस. तिथे 'उद्या लेक्चर नाही' हे सगळ्यात आधी येतं आणि फॉर्मची शेवटची तारीख सगळ्यात शेवटी. आठवड्यातून एकदा परीक्षा विभागाच्या बोर्डासमोर उभं राहून फोटो काढायचा, बस.

माध्यमाबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, पण मला वाटतं दुखणं तिथे जास्त आहे. लेक्चर इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, शेजारचा मुलगा इंग्रजीत शंका विचारतो आणि आपण गप्प. बारावीला चांगले मार्क मिळवलेली मुलं एफवायला गप्प बसायला शिकतात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. कला आणि वाणिज्य शाखेत मराठीतून उत्तरपत्रिका लिहिण्याची सोय आहे; तुझ्या कॉलेजात कोणत्या विषयांना कशी ते परीक्षा विभागात विचार आणि जे ठरवशील ते सेमिस्टरच्या सुरुवातीला ठरव. अर्धा पेपर मराठीत, अर्धा इंग्रजीत असं करू नकोस. माझा स्वतःचा कल असा आहे : समजून मराठीत घ्यावं, संज्ञा दोन्ही भाषांत माहीत असाव्यात, आणि पुढे सीए, बँकेच्या परीक्षा किंवा नोकरी डोक्यात असेल तर लिहिण्याची सवय हळूहळू इंग्रजीची करावी. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, ते म्हणतात पहिल्या दिवसापासून इंग्रजीच. त्यांच्या वर्गातली मागची चार बाकं मग काहीच लिहीत नाहीत. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, त्यातल्या अर्थशास्त्राच्या नोंदी आमच्या कित्येक गाइडांपेक्षा स्वच्छ आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. आणि लेक्चर संपल्यावर 'मॅडम, मराठीत विचारू का?' एवढं म्हणायला शीक. मला आजवर कोणी असं विचारलं आणि मी नको म्हटलं, असं झालेलं नाही. आम्हीही कमी नाही म्हणा. घंटा वाजत असताना 'एनी डाउट्स?' विचारतो आणि उत्तराच्या आत डस्टर उचलून निघतो. तेव्हा दारात गाठ.

पेपर लिहिण्याचं एक : बोर्डाला पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आलं की मार्क मिळत. इथे दहा मार्कांच्या उत्तरात व्याख्या, स्पष्टीकरण, आकृती आणि एखादं आपलं उदाहरण लागतं. माझ्याकडे मागणीची लवचीकता शिकून गेलेली निम्मी मुलं वक्र सुरेख काढतात आणि अक्षांना नावंच देत नाहीत. दोन मार्क तिथेच जातात.

मित्रांचं. मुंबईच्या कॉलेजात एफवायचे ग्रुप कसे होतात, हे कधी पाहिलंस का? रेल्वेच्या लाइनीवर. सेंट्रलवाले, वेस्टर्नवाले, हार्बरवाले. वाटेत एकत्र जातात, त्यातून ओळखी होतात, मग कँटीनमध्ये एका टेबलावर बसतात. ठाण्या-मुलुंडच्या मुलांचा घोळका बाराला सुटतो, तू त्यांच्याबरोबर गाडीत चढतोस, आणि ठाण्यानंतर एकटा उरतोस. शिवाय तुला कायम घाई. कट्ट्यावर बसायला लागणारा निरुद्योगी अर्धा तास तुझ्याकडे नाही, आणि दोस्ती त्या अर्ध्या तासातच होते. यात तुझ्या स्वभावाचा दोष मला फार दिसत नाही.

यावर मला माहीत असलेला एकच खात्रीचा उपाय म्हणजे एकत्र काम. एनएसएस घे. वर्षाला १२० तासांचं काम असतं, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात सत्तर जणांची भाकरी भाजताना आणि रात्री अंगणात गाणी म्हणताना जी ओळख होते ती वर्गात तीन वर्षांत होत नाही. गावाकडून आलेली मुलं तिथे एकदम पुढे येतात. शहरातल्या पोरांना कुदळ धरता येत नाही. मराठी वाङ्मय मंडळ असेल तर तेही चांगलं, बैठका दुपारी असतात. एकांकिकेच्या तालमींच्या नादाला मात्र विचार करून लाग. मला नाटक प्रिय आहे, पण स्पर्धेच्या आधीचे दिवस तालमी रात्रीपर्यंत चालतात आणि शेवटची कसारा गाडी कोणासाठी थांबत नाही. दादरला राहणारा नातेवाईक असेल तर जरूर कर. आणि एकटेपणा नुसत्या कंटाळ्यापलीकडे गेला असेल, झोप उडाली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस, पण विचारून ठेव. शिष्यवृत्त्या आणि फी परताव्याचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. जातवैधता सोडली तर हे दाखले तहसीलमार्फत निघतात, म्हणजे तुझ्यासाठी शहापूर. सुट्टी आहे तोवर काढून ठेव. सेमिस्टर सुरू झाल्यावर त्यासाठी बुडणारे दिवस पुन्हा त्याच हजेरीतून जातात.

आता ड्रॉप आणि कल्याण. ड्रॉप घेऊ नकोस. एका केटीसाठी वर्ष घालवायचं काहीच कारण नाही, एसवायला बसून ती सोडवता येते. घरी बसलेल्या वर्षात मुलं अभ्यास करतात असंही मला दिसलेलं नाही.

कल्याणला जाण्याचा विचार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दादर-माटुंग्याच्या कॉलेजच्या नावासाठी रोज चार तास देणाऱ्या मुलांपैकी किती जणांना त्या नावाचा खरोखर उपयोग होतो, याबद्दल मला शंका आहे. तू लायब्ररी वापरत नसशील, मंडळात नसशील, फक्त लेक्चरला येऊन परत जात असशील, तर तेच लेक्चर कल्याणला ऐक आणि रोजचे दोन-अडीच तास वाचव. पण आधी तीन गोष्टी विचारून घे. तिथे एसवायला जागा आहे का? केटी असताना ते घेतात का? आणि ते कॉलेज स्वायत्त आहे का? स्वायत्त कॉलेजचा अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. मग एफवायचे तुझे विषय तिथल्या विषयांशी जुळतात की नाही, मेजर, म्हणजे मुख्य विषय, तोच मिळतो का, हे पाहावं लागतं. क्रेडिट एबीसी खात्यात, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन क्रेडिट बँकेत, जमा झालेत का तेही तपास. त्यासाठीचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा क्रमांक, काढलाय पण मार्क चढलेलेच नाहीत, अशी उदाहरणं आहेत. कल्याणच्या कॉलेजच्या ऑफिसात याच आठवड्यात जा, फोनवर ते नीट सांगत नाहीत. सोबत दोन्ही सेमिस्टरची मार्कशीट आणि झालेल्या विषयांचा अभ्यासक्रम छापून ने. तिथलं उत्तर येईपर्यंत इथला एसवायचा प्रवेश सोडू नकोस, आणि दोन्हीकडचं काहीही ठरो, अकाउंट्सचे प्राध्यापक सुट्टीवर जायच्या आत त्यांना गाठून आपली उत्तरपत्रिका पाहून घे.